माळ्यावरची बरणी, पांढरीतलं खापर

दिवाळीच्या आधी जालन्यातल्या जुन्या घरांत माळा झाडायला घेतला की एक वस्तू हमखास खाली येते: वर तपकिरी, खाली दुधी रंगाची, चांगली जड अशी चिनी मातीची बरणी. कधीकाळी तिच्यात वर्षभराचं कैरीचं लोणचं मुरायचं आणि तोंडाला स्वच्छ दादरा बांधलेला असायचा. आता घरात तीन-चार माणसं आहेत, लोणचं दुकानातून छोट्या बाटलीत येतं आणि बरणी पुन्हा माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या गाड्यावर. तिचीच बहीण पुण्या-मुंबईच्या सजावटीच्या दुकानात ‘विंटेज’ म्हणून काचेमागे उभी असते.

जुन्या मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांनी घर सजवण्याची हौस आता जिल्ह्याच्या गावांतही आली आहे. ही हौस चांगली आहे. पण तिच्यासोबत काही प्रश्न येतात. काय जुनं म्हणायचं? काय घरात आणायचं आणि काय जागचं हलवायचंच नाही? अस्सल कसं ओळखायचं, कुठं मांडायचं, कशात खायचं? या सगळ्याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगते: भांड्याची खरी किंमत त्याच्या ठावठिकाण्यात असते. ते कुठलं, कुणाचं, कशासाठी होतं हे पुसलं गेलं की उरतो तो नुसता आकार.

माती, दगडी, चिनी

आधी माती ओळखू. कुंभाराचा माठ, रांजण, पणती ही कमी आचेवर भाजलेली माती. साधारण हजार अंश सेल्सिअसच्या आतबाहेर ती पक्की होते, पण सच्छिद्र राहते. म्हणून तर माठातलं पाणी झिरपतं आणि गार होतं. लोणच्याची बरणी त्यापुढची. ती बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते. तिचं अंग दगडासारखं घट्ट होतं, त्यात तेल-मीठ मुरत नाही. काही जुन्या बरण्यांची झिलई चक्क मिठाची असते: भट्टी पूर्ण तापली की आत मीठ टाकायचं, त्याची वाफ मातीतल्या वाळूशी एकजीव होते आणि संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत, चमकदार कातडी तयार होते. दुरंगी बरण्यांचा वरचा भाग वेगळ्या झिलईत बुडवलेला असतो, म्हणून तपकिरी आणि दुधी रंग जिथे भेटतात ती रेघ किंचित वाकडी दिसते.

तिसरी खरी चिनी माती, म्हणजे पोर्सेलीन. पांढरी केओलिन माती आणि खनिजं यांची ही भांडी साडेबाराशे ते चौदाशे अंशांपर्यंत भाजतात. पातळ काठ उजेडात धरला तर पलीकडची बोटं सावलीसारखी दिसतात. ही विद्या चीनकडे शतकानुशतकं होती. युरोपात जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना 1710 साली उभा राहिला, तेव्हा कुठे तिकडे अस्सल पोर्सेलीन होऊ लागलं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हाडांची राख मिसळून ‘बोन चायना’ आला. आपल्याकडे अनेक शाकाहारी घरं तो आजही उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

तामचिनीची पांढरी, निळ्या काठाची ताटं आणि मग यांत धरू नयेत. ती लोखंडाची असतात, वर काचेचा लेप असतो. टवका उडाला की खालचं काळं लोखंड दिसतं. सजावटीला ती सुंदरच, पण त्यांचं कूळ वेगळं.

जिल्ह्याच्या पोटातलं

जालना जिल्ह्यात सगळ्यांत जुनी भांडी कुणाच्या माळ्यावर नाहीत, ती जमिनीत आहेत. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या लोकांची नोंद आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. इथे मिळालेल्या एका हस्तिदंती मूर्तीचं साम्य इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी आहे. एवढ्या लांबचा व्यापार ज्या गावाने पाहिला, तिथल्या चुलीपाशी मात्र आपल्यासारखीच मातीची भांडी होती.

सातवाहनकाळातल्या वस्त्यांवर काळी-तांबडी खापरं मिळतात. भांडं भट्टीत उपडं ठेवलं की आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नाही, तो भाग काळा राहतो आणि बाहेरचा तांबडा होतो. एकाच आचेत दोन रंग काढण्याची ही हातोटी. भोकरदन, पैठण, नेवासे आणि तेर इथे पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या लहान मूर्तीही मिळाल्या आहेत. म्हणजे ही पांढरी माती गोदावरीच्या खोऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. ज्यांना या वस्तू पाहायच्या आहेत त्यांनी तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आणि पैठणचं शासकीय संग्रहालय पाहावं.

गावाबाहेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पावसाळ्यानंतर खापरं उघडी पडतात. एखादं नक्षीदार खापर उचलून काचेच्या वाटीत ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पुरातत्त्वाच्या अभ्यासात खापराची सगळी भाषा त्याच्या थरात असते. कुठल्या थरात, कुठल्या नाण्याशेजारी, कुठल्या चुलीच्या राखेत ते मिळालं यावरून काळ ठरतो. उचलून घरी आणलं की ते मुकं होतं.

कायदाही हेच सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा 5 एप्रिल 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्यात पुरावस्तू ठरते. भाजक्या मातीची जुनी मूर्ती बाळगायची तर नोंदणी लागते, पुरावस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरात पिढीजात आलेली पणजीची बशी ठेवायला कुणाची हरकत नाही. पण अमेरिकेतल्या नातवाला ती न्यायची असेल, तर आधी तिचं वय पाहावं लागेल. वस्तू शंभर वर्षांच्या आतली आहे असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तो हातात असला की विमानतळावर अडचण येत नाही.

‘चिनी’ इथे कशी रुजली

झिलईची भांडी आणि फरशा सजावटीला वापरण्याचा मोठा नमुना जालन्यापासून फार लांब नाही. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. रंगीत झिलईच्या फरशांनी मढवलेला म्हणून त्याचं हे नाव. गोवळकोंडा 1687 साली पडल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथेच कैदेत ठेवलं. आज फरशांचे थोडे अवशेष उरले आहेत, पण उन्हात ते अजून चमकतात. तेव्हा घराच्या भिंतीवर झिलई हवी असं वाटणाऱ्या माणसाने कॅटलॉग उघडण्याआधी एकदा दौलताबादला जाऊन यावं.

शब्दही हा प्रवास सांगतात. मराठवाड्यातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत बरणीला मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून मोठ्या झिलईच्या रांजणांचा व्यापार चाले, त्या बंदराचं नाव भांड्याला चिकटलं. दख्खनच्या दरबारी घरांत फिकट हिरव्या चिनी थाळ्यांना ‘घोरी’ म्हणत आणि विषारी अन्न वाढलं तर ती थाळी तडकते असा समज होता. जालना 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, म्हणून इथल्या जहागीरदारी अभिरुचीचा धागा हैदराबादशी जुळतो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय 16 डिसेंबर 1951 रोजी हैदराबादेत खुलं झालं. चिनी, जपानी आणि युरोपीय पोर्सेलीनचा एवढा संग्रह आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे. विकत घेण्याआधी डोळा तयार करायचा असेल तर तिथे दोन दिवस घालवावेत.

आणखी एक धागा मला फार जवळचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्याच काळात शाळेतले जॉर्ज टेरी मातीकामाचा विभाग उभा करत होते. सिंधमधल्या झिलईच्या भांड्यांची परंपरा त्यांनी पायाशी घेतली, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरची माणसं, हत्ती, वेलबुट्टी मुंबईच्या सुरयांवर आणि थाळ्यांवर उतरली. भोकरदनच्या शेजारच्या डोंगरातली चित्रं अशी भांड्यांवर चढून लंडनच्या संग्रहालयापर्यंत गेली. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी आजही पाहता येतात. आपल्या बैठकीत अजिंठ्याची नक्षी लावणाऱ्यांना हे पूर्वज माहीत असावेत.

बरणी आणि कपबशी

सामान्य घरात चिनी माती आली ती मात्र राजवाड्याच्या वाटेने नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या रेल्वेने जालना मनमाड आणि सिकंदराबादशी जोडलं, आणि बाहेरचा माल पेठेत पोचणं सोपं झालं. आधी विलायती आणि जपानी बशा, मग देशी कारखाने. कलकत्त्याची बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, उत्तर प्रदेशातलं खुर्जा आणि गुजरातेत मोरबी-वांकानेर-थान भागातली परशुराम पॉटरी वर्क्स ही त्यांतली मोठी नावं. बरणीच्या बुडाशी किंवा पोटावर असा शिक्का आढळला तर तो घासून काढू नये. तो तिचा जन्मदाखला आहे.

बरणी लवकर आपली झाली, कपबशीला वेळ लागला. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. चिनी मातीचा कप हा त्या काळी चहाइतकाच वादाचा विषय होता. त्याहून कडू आठवण गावागावांतल्या हॉटेलांची आहे. दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे, पिऊन झाल्यावर ज्याची त्याने विसळायची. मराठवाड्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांनी ती हाताळली आहे. जुना कप मांडताना आपण फक्त गोड आठवणी मांडतो असं समजू नये. तो कुणाच्या हातात होता आणि कुणाला नाकारला होता, हेही त्याच्याबरोबर घरात येतं आणि मुलांना सांगितलंच पाहिजे.

मग स्टील आलं, पाठोपाठ प्लास्टिक आलं. न फुटणारं, हलकं, स्वस्त. दमलेल्या बायकांनी ते आनंदाने घेतलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. भरलेली बरणी फळीवरून उतरवणं म्हणजे काय, हे उतरवणारीलाच माहीत.

अस्सल कसं ओळखायचं

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि मडकं पक्कं की कच्चं ते सांगितलं. भांडं पारखण्याची पहिली रीत आजही तीच आहे. बरणी किंवा बशी सैल हातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. निकोप भांडं खणखणतं. तडा असेल तर आवाज बसका येतो, मग झिलईवर काही दिसो न दिसो.

दुसरी जागा बूड. बुडाच्या कडेला झिलई नसते. खरोखर वापरलेल्या भांड्याची ती कड घासून गुळगुळीत झालेली आणि असमान मळलेली असते. चहाच्या पाण्यात किंवा मातीत बुडवून ‘जुनं’ केलेल्या भांड्यावर मात्र सगळीकडे सारखाच तपकिरी रंग दिसतो. तिसरा पुरावा शिक्का. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. त्यामुळे नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेला माल बहुधा 1891 नंतरचा. ‘मेड इन इंग्लंड’ विसाव्या शतकात रूढ झालं. जपानी मालावर 1921 पर्यंत ‘निप्पॉन’ आणि पुढे ‘जपान’ येतं. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, म्हणजे 1952 पर्यंतचा. शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून आवाज, बूड आणि शिक्का तिन्ही एकमेकांशी जुळले तरच विश्वास ठेवावा.

विक्रेता वस्तू ‘वाड्यातली’ आहे म्हणाला, तर कुठल्या गावच्या, कुठल्या घरातून आली ते विचारावं. ‘उत्खननात मिळालेली’ म्हणाला, तर तिथून उठावं.

कुठं मांडायचं

भांडी मांडण्याची कला आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. मराठवाड्याच्या माळवदाच्या घरात कोनाडे, देवळ्या, फडताळं आणि भिंतीतली मांडणी होतीच. उतरंड तर शिल्पच. खाली रांजण, वर माठ, त्यावर घागर, त्यावर गाडगं, शेवटी बोळकं. मोठ्याच्या खांद्यावर लहान, आणि एकाच मातीच्या किती छटा. आजच्या सिमेंटच्या घरात कोपऱ्यात तीन-चार मापांच्या बरण्या अशाच उतरत्या क्रमाने, पण जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, तर तेच सौंदर्य कमी जोखमीत मिळतं.

काही गोष्टी मी अनुभवाने सांगते. एका भिंतीवर एकाच रंगाच्या घराण्यातली भांडी ठेवावीत. निळी-पांढरी एकीकडे, तपकिरी एकीकडे. दोन भांड्यांमध्ये एका भांड्याएवढी मोकळी जागा सोडावी. आपल्याकडचं ऊन प्रखर असतं, त्यामुळे झिलईची भांडी थेट खिडकीसमोर नकोत, बाजूच्या उजेडात ती जास्त बोलतात. काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांच्या भिंती उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात हलतात. म्हणून जड बरणी उंच फळीवर ठेवू नये. बशी भिंतीवर लावायची तर काठाला आवळणारी तार वापरू नये. त्या ताणाने जुना तडा पुढे सरकतो. पाटीवर टेकवून ठेवणं बरं.

फुटक्याचं काय? फुटकं भांडं घरात ठेवू नये ही समजूत जुनी आहे, आणि तिच्यामागे कापण्याची भीतीही असणार. पण पूर्वी मौल्यवान बशांना धातूचे टाके मारून त्या जोडत. जपानात लाखेने सांधून त्यावर सोनं लावतात, म्हणजे सांधा लपवण्याऐवजी दाखवतात. ज्याला ते नको, त्याने तुकडे गच्चीवरच्या चायना मोझॅकमध्ये घालावेत. पांढरे तुकडे ऊन परतवतात आणि खालची खोली थोडी गार राहते. मे महिन्यातल्या जालन्यात हे मोठंच काम आहे.

खायचं की नुसतं पाहायचं

इथे भावनेला थोडं थांबवावं लागतं. जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत आणि नक्षीत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. चिंच, लिंबू, दही, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरतं, आणि मुलांना शिशाचा धोका सर्वांत जास्त. माहिती नसलेल्या, चकाकी उडालेल्या किंवा जाळीदार भेगा पडलेल्या भांड्यात काही खाऊ नये. त्यात कोरडी फुलं ठेवावीत, लाकडी पळ्या ठेवाव्यात. चिनी मातीची जुनी बटणं आणि फ्यूज सजावटीला छान, पण विजेच्या तारेला पुन्हा जोडू नयेत.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. राख, चिंच, तारेची घासणी सोनेरी काठाला लावली तर तो कायमचा जातो. माळ्यावरून उतरवलेल्या तापलेल्या भांड्यावर लगेच गार पाणी ओतू नये. लोणच्याच्या जुन्या बरणीत आणखी एक शत्रू लपलेला असतो: मीठ. ते भेगांतून आत शिरतं, दमट हवेत विरघळतं, कोरड्या हवेत पुन्हा खडे धरतं आणि झिलईला आतून ढकलतं. बरणीवर पांढरी बुकटी दिसली तर ती काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवावी, पाणी रोज बदलावं, मग सावलीत पूर्ण वाळवावी.

आणि आजचा कुंभार

जुन्याच्या नादात नवं विसरू नये. संक्रांतीची सुगडं, अक्षयतृतीयेचे करा-केळी, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या. वर्षभराचं हे सगळं आपल्या जिल्ह्यातले कुंभार करतात, आणि सण संपला की आपण ते विसरतो. बारीक पोयटा शोधणं, त्यात लीद आणि राख मिसळून माती फाटणार नाही अशी मळणं, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. बैठकीत जुन्या बरणीशेजारी या वर्षीच्या चाकावरचा एक रांजण ठेवला तर सजावट पूर्ण होते. उद्या तोही जुना होणार आहे.

सगळ्यांत शेवटी एक छोटं काम. जी बरणी तुम्ही माळ्यावरून खाली आणाल, तिच्यात एक चिठ्ठी टाका. कुणी आणली, कुठल्या पेठेतून, तिच्यात काय मुरत असे, तिच्यावर कुणाचा हात असे, शेवटचं लोणचं कधी घातलं. आजी असेल तर आजच विचारून लिहा. भोकरदनच्या खापराला त्याचा थर बोलतं करतो, घरच्या बरणीला ही चिठ्ठी करील. मग झाकण लावा, बरणी बैठकीतल्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा, आणि आल्यागेल्याला झाकण उघडून ती वाचू द्या.